खाडीत ड्रॉप शॉट: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

ड्रॉप शॉट म्हणजे गळाने मासे पकडायच्या नेहमीच्या मांडणीचा उलटा प्रकार. खाडीवर सहसा शिसं मध्ये आणि गळ शेवटी असतो. इथे शिसं लाइनच्या अगदी टोकाला जातं आणि गळ त्याच्या वीत-दीड वीत वर, लाइनलाच आडवा उभा राहतो. शिसं तळाला बसलं की आमिष गाळात न लोळता त्याच्या वर लटकतं. रॉडचं टोक हलवलं की आमिष थरथरतं, शिसं मात्र जागचं हलत नाही.

१९९० च्या दशकात ही पद्धत जपानमधल्या बास मासा पकडणाऱ्यांकडून अमेरिकेत गेली आणि तिथे लार्जमाउथ व स्मॉलमाउथ बाससाठी रूढ झाली. बास गोड्या पाण्यातला. खोल तळ्यात तो बऱ्याचदा तळापासून थोडा वर उभा असतो, आणि पाणी गार पडलं किंवा दिवसभर माणसांनी त्रास दिला की खायला नखरे करतो. अशा वेळी समोरून सुसाट जाणाऱ्या ल्यूरकडे, म्हणजे नकली आमिषाकडे, तो बघतही नाही, पण नाकासमोर थरथरणारा तीन इंची रबरी किडा हळूच तोंडात घेतो. आपल्या खाड्यांत बास नाही. जिताडा आहे, आणि उरणच्या बाजूच्या खडकाळ भागात तांबोशीही. खांब, दगड, तिवरांची मुळं असा आडोसा धरून दबा धरायचा आणि वाहत येणारी कोलंबी किंवा लहान बोय टिपायची, ही त्यांची रीत बासशी बरीच जुळते. म्हणून पद्धत चालते.

आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नका. बासच्या तळ्यात पाणी उभं असतं; खाडीत ते दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. बाससाठी लिहिलेल्या सल्ल्यात साडेतीन ते सात ग्रॅमचं शिसं आणि सहा-आठ पौंडांची लाइन दिसेल. तेच सामान घेऊन सुकतीला, म्हणजे पाणी उतरताना, जेट्टीवर उभं राहिलात तर शिसं तळावरून घरंगळत जाईल आणि पहिलाच बरा जिताडा लाइन तोडून जाईल. शिसं जागेवर राहतंय का, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक निवडीत विचारायचा आहे. दिवस, वेळ, वजन, लाइनची जाडी, उभं राहायची जागा, सगळं त्यावरून ठरतं.

आधी पंचांग, मग सामान

उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस, मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, कधी त्याहून जास्त. भांगाला, अष्टमी-नवमीच्या आगेमागे, तो निम्म्याहून कमी होतो. फरक जितका मोठा तितकी पाण्याची ओढ जोरात आणि गाळ वर येऊन पाणी तितकं गढूळ. नवख्याने भांगाचेच दिवस धरावेत. उधाणाला ड्रॉप शॉट जमतो तो पाणी फिरण्याच्या आधी-नंतरची वीस-पंचवीस मिनिटं. बाकी वेळ नुसती झटापट.

भरतीची वेळ काढायचा कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. दशमीला दहा पाऊण साडेसात. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं पाऊण-एक तास उशिरा. हा अंदाज आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच. कोष्टकं बहुधा अपोलो बंदरची असतात. ठाणे खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला त्यानंतर थोडा वेळ लागतो.

आता दशमीचंच उदाहरण घ्या. भांग नुकताच होऊन गेलाय, सकाळी साडेसातला भरती, आठपासून सुकती सुरू. आठ ते दहा या दोन तासांत तिवरांच्या आतलं पाणी बाहेर पडायला लागतं, त्याबरोबर करंदी आणि पिल्लं बाहेर येतात आणि जिताडा ओघळाच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. ओढ अजून फार वाढलेली नसते. नवख्यासाठी महिन्यातली ही सर्वांत सोयीची सकाळ.

रॉड, रील, लाइन

बाससाठी मीडियम-लाइट रॉड घेतात. खाडीसाठी सात फुटी, मीडियम, फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड घ्या, ज्यावर ल्यूरचं वजन ७ ते २१ ग्रॅम लिहिलेलं असेल. फास्ट ॲक्शन म्हणजे फक्त टोकाकडचा भाग वाकतो. आमिष हलवायला नरम टोक लागतं आणि जिताड्याच्या कडक जबड्यात गळ बसवायला खालचा दांडा ताठ लागतो. सगळाच लवचिक रॉड घेतलात तर हलवणं छान होईल, गळ मात्र बसणार नाही. उंच जेट्टीवरूनच टाकणार असाल तर आठ फुटी रॉड बरा. लाइन कडेच्या कालवांपासून लांब राहते.

रील २५०० किंवा ३००० आकाराचं. त्यावर पीई १ जाडीची ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, साधारण २० पौंडांची. इथे नायलॉन नको, कारण दोन आहेत. तेवढ्याच ताकदीची नायलॉन लाइन बरीच जाड असते, वाहतं पाणी तिला पोटाशी धरून ओढतं आणि शिसं उचललं जातं. शिवाय नायलॉन ताणलं जातं, त्यामुळे तीस मीटरवरचा हलका ठोका हातापर्यंत येत नाही.

ब्रेडच्या पुढे, गळाच्या बाजूला, फ्लुरोकार्बनचा तुकडा, म्हणजे लीडर. बाससाठी ६ ते १० पौंड पुरतं, कारण त्याच्या तोंडात लाइन कापणारं काही नसतं. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, तोंडही कानशीसारखं खरखरीत. त्यामुळे मोकळ्या जागी २० पौंड आणि खांब-दगडांजवळ ३० पौंड. त्याहून जाड नको: लीडर इतका ताठ होतो की आमिष थरथरत नाही, आणि खाली सांगितलेली गाठही नीट आवळत नाही. दीड मीटर तुकडा कापा, गाठी मारून सव्वा मीटरच्या आसपास उरतो.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ सर्वांत बारीक आणि मजबूत, पण वाऱ्यात जेट्टीवर उभं राहून ती पहिल्या दिवशी येणार नाही. सुरुवातीला मध्ये लहान बॅरल स्विव्हल, म्हणजे दोन्ही बाजूंनी फिरणारी कडी, बांधा. त्याचा आणखी एक फायदा आहे: ड्रॉप शॉटमध्ये आमिष गुंडाळताना फिरतं आणि लाइनला पीळ पडतो, तो स्विव्हलमध्ये बराचसा निघून जातो. फक्त रील करताना स्विव्हल टोकाच्या कडीत घुसू देऊ नका. कडीतली चिनी मातीची रिंग तडकते.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की रीलमधून लाइन सोडणारा ब्रेक, आधी घरी लावा. लाइनला साधा हातकाटा अडकवा, रॉड वाकवून ओढा. २० पौंड म्हणजे साधारण ९ किलो. त्याचा चौथा हिस्सा, सव्वादोन किलोच्या आसपास काटा आला की ड्रॅग सुटायला हवा. हाताने ओढून 'बरोबर वाटतंय' असं ठरवलेला ड्रॅग बहुतेक वेळा एक तर फार ढिला असतो नाही तर फार कडक.

गळ आणि शिसं

बासचे ड्रॉप शॉट गळ १ किंवा २ नंबरचे, बारीक तारेचे. दोन किलोच्या ओढीला ते सरळ होतात. खाडीसाठी १/० किंवा २/०, आखूड दांड्याचे, जाड तारेचे घ्या. जिवंत कोलंबीला १/० पुरतो. कालवं आणि मुळं जास्त असलेल्या जागी २/० चा ऑफसेट गळ वापरा, त्याची नोक रबरात लपवता येते.

शिशाबद्दल जरा सविस्तर. खास ड्रॉप शॉटसाठी मिळणाऱ्या वजनांना वर चिमट्यासारखी कडी असते. लाइन त्यात ओढून अडकवायची, गाठ मारायची नाही. गोल वजन खडी-वाळूवर ठीक. लांबट, काडीसारखं वजन दगडांच्या फटींतून सहज निसटतं. गाळात मात्र लांबट वजन उभं रुतून बसतं. तिथे गोल किंवा चपटं बरं. भांगाच्या सुकतीला १० ते १४ ग्रॅम, ओढ वाढली की १८ ते २१, पाणी थांबलेलं असताना ७. नियम असा: जागेवर राहील असं सर्वांत हलकं वजन. गरजेपेक्षा जड शिसं आमिषाला काही करत नाही, पण माशाने आमिष उचललं की त्याला लगेच जडपणा जाणवतो आणि तो सोडून देतो.

खास वजनं ठाण्यात सगळीकडे मिळत नाहीत आणि कालवांच्या दगडांत ती जातातही भराभर. अशा जागी हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी षटकोनी नट चालतो: एम-८ साधारण ५ ग्रॅम, एम-१० अकराच्या आसपास, एम-१२ सतराच्या. खाडीत राहिला तर शिशासारखं विष सोडत नाही, गंजून जातो. गैरसोय एकच, नटला गाठ मारावी लागते. ती मुद्दाम कच्ची मारा, साधी एकेरी. अडकला आणि जोराने ओढलं तर तीच गाठ सुटावी आणि गळ, आमिष, लीडर परत यावा.

गाठ

ड्रॉप शॉटची सगळी करामत पालोमार गाठीत आहे. गळ आडवा आणि नोक वर राहिली तर मासा लागतो. गळ लाइनला समांतर लोंबकळत राहिला तर मासा आमिष चोखून जातो आणि आपल्याला ठोके येत राहतात.

१. लीडरच्या मोकळ्या टोकापासून सुमारे ६५ सेंटिमीटरवर लाइन दुमडा. दुमडीचा फास गळाच्या डोळ्यातून काढा. जाड लीडरला डोळा लहान पडत असेल तर गळ बदला, जबरदस्तीने ओढू नका.

२. त्या दुहेरी लाइनची एक साधी सैल गाठ मारा. गळ त्या गाठीखाली लटकत राहील.

३. फास मोठा करून पूर्ण गळ त्यातून पार करा.

४. थुंकीने ओलं करा. कोरडी फ्लुरोकार्बन घासून तापते आणि गाठीतच कमजोर होते. गाठीजवळ लाइन पांढरट, कुरळी दिसली तर कापून पुन्हा. मग लाइनची दोन्ही टोकं सारखी धरून हळूहळू आवळा.

५. गळ नोक वर करून धरा. खाली राहिलेलं लांब टोक गळाच्या डोळ्यातून पुन्हा एकदा, नोकेच्या बाजूने म्हणजे वरून खाली काढा. आता लाइन ताणली की गळ आडवा उभा राहतो, नोक आकाशाकडे. राहत नसेल तर टोक उलट्या बाजूने गेलंय.

६. गळाखाली ३० ते ४० सेंटिमीटर टोक ठेवून शिसं अडकवा. कडीखाली लाइनच्या टोकाला एक साधी गाठ मारून ठेवा, म्हणजे फेकताना वजन उडून जात नाही. जास्त ओढ पडली की वजन निसटतंच.

हे अंतर किती असावं यावर नवख्यांचा एक गैरसमज असतो: गळ शिशाच्या ४० सेंटिमीटर वर बांधला म्हणजे आमिष तळापासून ४० सेंटिमीटरवर राहणार. बोटीतून सरळ खाली सोडलं तर तसं होतं, बास पकडणारे बहुधा तसंच करतात. काठावरून लाइन तिरकी जाते. रॉडचं टोक तळापासून ५ मीटर उंच आणि लाइन २० मीटर बाहेर असेल तर हिशोब एकास चारचा, म्हणजे आमिष तळापासून जेमतेम १० सेंटिमीटर. लांब फेकायचं असेल तर गळ ५०-६० सेंटिमीटरवर बांधा, पायाखालच्या खांबाशी सोडायचं असेल तर २०-२५ पुरे.

आमिष

रबरी आमिष तीन ते चार इंची घ्या. लहान माशाच्या किंवा कोलंबीच्या आकाराची आपल्याकडे बरी. बाससाठी विकली जाणारी सरळ गांडुळं खाडीत केंड (फुगणारा मासा) आणि चिंबोऱ्यांचंच पोट भरतात. गढूळ पाण्यात आमिषाची बाह्यरेषा दिसायला हवी, तेव्हा पांढरा, पोपटी-पिवळा किंवा गडद जांभळा-काळा. पारदर्शक, नैसर्गिक रंग पावसाळ्यानंतर पाणी नितळतं तेव्हा.

नाकातून टोचा: खालच्या जबड्यातून वर, बरोबर मध्यावर, टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत. मध्य चुकला तर आमिष पंख्यासारखं फिरतं आणि पाच फेकांत लीडरची वेटोळी होतात. टोचून झालं की पायाखालच्या पाण्यात ओढून बघा. फिरतंय? काढून पुन्हा टोचा.

जिवंत कोलंबी मिळाली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. डोक्यावरच्या करवती काट्याखाली, आत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्याच्या पुढून गळ आडवा काढा. काळ्या ठिपक्यातून गेला की कोलंबी लगेच मरते. कोलंबी लावल्यावर रॉड हलवायची गरज नाही, ती स्वतःच शेपूट मारते. शिसं जागेवर ठेवा आणि गप्प बसा.

टाकणं आणि हलवणं

ओढीच्या सरळ खाली टाकू नका. तसं केल्यावर पाणी आमिषाला लाइनवर दाबतं, ते शिशाकडे झोपतं आणि टोकाला गुंडाळलं जातं. वाहत्या पाण्याच्या किंचित वरच्या अंगाला, तिरकं टाका. शेपूट पाण्याबरोबर मोकळी राहते, आणि जिताडा ओढीकडे तोंड करून उभा असल्याने आमिष त्याच्या समोरून येतं.

फेक संपताना बोटाने लाइन जराशी अडवा, म्हणजे आधी शिसं, मग आमिष असं सरळ पडतं. नाही तर दोन्ही एकत्र पडून गुंता होतो. लाइन किंचित ताणून ठेवत बुडू द्या. तळाला लागल्याचा 'टक्' हातात येतो आणि लाइन एकदम सैल पडते. बेल (रीलवरची तारेची कमान) खाली करा, लाइन नुसती सरळ होईल एवढंच गुंडाळा.

आता मुख्य काम. रॉडचं टोक दोन-तीन इंचच हलवा, मनगटाने, लाइन सरळ आणि सैल यांच्या मधल्या अवस्थेत ठेवून. आठ-दहा थरथरी, मग पाच ते दहा सेकंद काहीच नाही. बहुतेक मासे या थांबण्यात घेतात. पुन्हा थरथर, पुन्हा थांबा. एका जागी दोन मिनिटं दिली की शिसं फूटभर ओढून नव्या जागी ठेवा. नवखा माणूस जोरात हलवतो, शिसं दर वेळी तळावरून उड्या मारतं आणि ड्रॉप शॉट राहतच नाही. शिसं हलतंय की नाही हे कळायला लाइनवर एक बोट ठेवा: तळावरून सरकताना खरखर येते.

पाणी फिरायच्या वेळी शिसं स्थिर, आमिष स्थिर, सगळंच थांबतं. तेव्हा वजन सातवर आणा आणि थरथर आणखी बारीक करा.

ठोका कुणाचा?

केंड: बारीक, भराभर टकटक, आणि आमिष वर काढल्यावर त्यावर कात्रीने कापल्यासारखा अर्धगोल चावा. लीडरही कापतो. दोन-तीन आमिषं अशी गेली की जागा बदला. केंड लागलाच तर पक्कडीने सोडा. तो विषारी आहे, खाऊ नका, मांजरालाही घालू नका.

चिंबोरी: ठोका नाही, नुसता जडपणा, हळूहळू सरकणारा. शिंगाळा: दोन-तीन धक्के आणि मग खाली खेचत सरळ चालायला लागतो. जिताडा: एकच ठोस 'ठाक', कधी आधी हलका टक् आणि सेकंदभर शांतता. कधी काहीच येत नाही, फक्त लाइन जिथे जायला नको तिथे जायला लागते.

बासला झटका मारायचा नसतो. रील फिरवत रॉड वर नेला की बारीक गळ स्वतः बसतो. जिताड्याच्या कडक तोंडाला तेवढं पुरत नाही. पहिल्या टक् वर काहीच करू नका. वजन जाणवलं की दोन वेढे भराभर गुंडाळा, लाइन ताठ झाली की रॉड आडवा, बाजूला, एकदाच ठामपणे ओढा. सैल लाइनवर मारलेला मोठा झटका नुसती लाइन सरळ करतो, गळ जागचा हलत नाही.

लागल्या लागल्या तो खांबाकडे किंवा मुळांकडे वळतो. पहिल्या दहा सेकंदांत त्याला तिथून वळवायचं, रॉड त्याच्या उलट बाजूला आडवा धरून. मग तो बहुधा उडी मारतो. तो वर येतोय असं लाइनवरून दिसलं की रॉडचं टोक पाण्याकडे खाली न्या. टोक वर ठेवलंत तर हवेत डोकं झटकून गळ फेकून देतो. जेट्टीवरून मासा लाइनने उचलू नका. दोरीला बांधलेलं जाळं खाली सोडा, किंवा पायऱ्यांकडे चालवत न्या.

कुठे उभं राहायचं, कुठे नाही

शोधायचं ते एकच: ओढ आणि आडोसा जिथे भेटतात ती रेघ. तिवरांतून येणाऱ्या ओघळाचं तोंड, खारबांधाची उघाडी, नवी मुंबईतल्या धारण तलावांच्या झडपांची बाहेरची बाजू, जेट्टीच्या खांबांमागचं निवांत पाणी. शिसं वाहत्या पाण्यात नको, निवांत पाण्याच्या कडेला ठेवा.

सारसोळे, दिवाळे यांसारख्या जेट्ट्या कोळी बांधवांच्या कामाच्या जागा आहेत. पोचल्यावर आधी विचारा, "काका, इथे जाळी लावलीत का?" बोट येत असेल तर लाइन गुंडाळा. त्याच माणसाकडून पाणी कधी फिरतं, खड्डा कुठे आहे, हेही कळतं, आणि ते कुठल्याच ॲपमध्ये नाही. घोडबंदरच्या बाजूला गायमुख, कोलशेतकडे उल्हासचं पाणी. तिथे पावसाळ्यात गोडं पाणी जोरात उतरतं, नवख्याने दिवाळीनंतर जावं.

ठाणे खाडीच्या पश्चिम अंगाचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या हद्दीत गळ घेऊन जाऊ नका. वाशीच्या खाडीपुलावरून खाली लाइन सोडणंही नको, वाहनांच्या इतकं जवळ पाठ करून उभं राहण्यात काही शहाणपण नाही. तळी आणि धरणं परवानगीशिवाय नाहीत.

ओहोटीला उघडा पडलेला गाळ कडक दिसतो आणि मांडीपर्यंत गिळतो. त्यात उतरू नका, पाचशे रुपयांचा ल्यूर अडकला असला तरी. भरती परत येते तेव्हा ती मागच्या ओघळातून आधी भरते.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाडीत उतरलेलं आहे. नाल्यांच्या तोंडाशी लागलेला मासा खाण्यापेक्षा सोडलेला बरा. मोठा जिताडा तर सोडाच: हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे फोटोसाठी सर्वांत चांगला दिसणारा मासा बहुधा अंड्यांची मादी असते.

सोडवताना, आणि घरी आल्यावर

जिताडा ग्रिपरने खालच्या ओठाला धरा, दुसरा हात पोटाखाली. कल्ल्यात बोट घालू नका, झाकणाची कड खोल कापते. शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे विषारी; त्याला हातात न घेता पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर न जाता, अर्धा ते दीड तास बुडवा, वेदना त्यानेच उतरते. पाणी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासा. काटा आत मोडला असेल किंवा सूज वाढत असेल तर डॉक्टरकडे.

घरी आल्यावर ड्रॅग आधी घट्ट करा, मग रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. ढिल्या ड्रॅगमधून पाणी वॉशरपर्यंत जातं. पुसून वाळलं की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. लीडरचा शेवटचा हातभर बोटांतून फिरवा, खरखर लागली तर कापा. आणि वापरलेले गळ कोरड्या गळांच्या डबीत परत टाकू नका, एका ओल्या गळाने आठवडाभरात सगळी डबी गंजते.